विश्वासाचा पडदा : थेट प्रक्षेपणातील मॉनिटरचा इतिहास आणि स्वस्ताईचा हिशेब

१/ २१ जुलै १९६९. भारतात सकाळचे साडेआठ वाजत आले होते. चंद्रावर उतरलेल्या यानाच्या शिडीवरून नील आर्मस्ट्राँग खाली येत होता आणि पृथ्वीवर सुमारे ६० कोटी माणसे आपापल्या पडद्यांसमोर बसली होती. आपल्याकडे बहुतेकांनी ही घटना रेडिओवर ऐकली. पुणे जिल्ह्यातील आर्वीचे उपग्रह भूकेंद्र सुरू व्हायला अजून दोन वर्षांचा अवकाश होता.

त्या ६० कोटी लोकांनी जे चित्र पाहिले, ते चंद्रावरून जसे आले तसे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. ते एका लहानशा मॉनिटरच्या काचेवरून पुन्हा टिपलेले चित्र होते. आजचा धागा त्या काचेविषयी आणि तिच्या साऱ्या भावंडांविषयी आहे.

२/ झाले असे की चंद्रावरील कॅमेरा सेकंदाला १० चित्रे पाठवत होता आणि प्रत्येक चित्रात ३२० रेषा होत्या. यानातून याहून अधिक माहिती पाठवण्याइतकी जागा त्या रेडिओलहरींत नव्हती. अमेरिकी दूरचित्रवाणीला मात्र ५२५ रेषांची, सेकंदाला ३० चित्रे हवी असत. या दोहोंचा मेळ घालणारे संगणकीय यंत्र तेव्हा व्यवहारात नव्हते. मग उपाय काढला तो अगदी घरगुती म्हणावा असा. आलेले चित्र १० इंची मॉनिटरवर दाखवायचे, त्यासमोर एक नेहमीचा दूरचित्रवाणी कॅमेरा रोखायचा आणि त्या कॅमेऱ्याचे चित्र जगाला पाठवायचे. मधल्या रिकाम्या जागा भरून काढण्यासाठी तेच चित्र चुंबकीय तबकडीवर साठवून पुन्हा पुन्हा लावायचे.

३/ म्हणजे त्या क्षणी जगाचे डोळे एका मॉनिटरच्या उजळपणाच्या आणि कॉन्ट्रास्टच्या बटणांवर अवलंबून होते. ही अतिशयोक्ती नव्हे. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन केंद्राचे चित्र प्रथम आले ते उलटे, कारण यानात कॅमेरा उलटा बसवला होता आणि चित्र सुलटे करणारी कळ दाबायची राहिली होती. कळ दाबली गेली, चित्र सुलटे झाले; पण रूपांतराच्या यंत्रणेची मांडणी बिघडलेली असल्याने काळे ते काळेकुट्ट आणि पांढरे ते भगभगीत दिसू लागले. शिडीवर माणूस आहे की सावली, हे कळेना. ह्यूस्टनने ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्राचे चित्र घेतले आणि मगच ते पहिले पाऊल जगाला नीट दिसले. आठ-नऊ मिनिटांनी पार्क्स येथील मोठ्या दुर्बिणीचे चित्र आणखी सरस ठरले व उरलेले प्रक्षेपण तेथूनच चालले.

चंद्र तोच, माणूस तोच, कॅमेराही तोच. फरक पडला तो वाटेतल्या यंत्रणेच्या मांडणीमुळे.

४/ इतिहासप्रेमी मित्रमंडळींतले अनेक जण आज महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, गावच्या जत्रेतले कुस्त्यांचे मैदान, कीर्तन किंवा व्याख्यानमाला यांचे थेट प्रक्षेपण करतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : कमी पैशांत कोणता मॉनिटर घ्यावा? उत्तरादाखल लोक एखाद्या मॉडेलचे नाव सांगतात. सहा महिन्यांनी ते मॉडेल बाजारातून जाते आणि उत्तरही त्याच्याबरोबर जाते. इतिहासाकडे याचे अधिक टिकाऊ उत्तर आहे. कारण पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा, हा प्रश्न दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे.

५/ जॉन लोगी बेअर्डने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवरील आपल्या माळ्यावर, दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखवले. चित्र ३० रेषांचे, आकाराने जेमतेम, थरथरणारे. त्यात चेहरा ओळखू आला, एवढ्यानेच पाहणारे थक्क झाले. पडदा किती खरे दाखवतो, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नसणार. तो प्रश्न दहा वर्षांनी उभा राहिला, आणि तोही वेळेच्या रूपात.

६/ २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. दोन प्रतिस्पर्धी पद्धती आळीपाळीने वापरायच्या असे ठरले होते. एक बेअर्डची २४० रेषांची, दुसरी मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. बेअर्डच्या पद्धतीचा एक भाग विलक्षण होता. दृश्य आधी फिल्मवर घ्यायचे, ती फिल्म तिथल्या तिथे रसायनांच्या टाक्यांतून धुऊन काढायची आणि ओली असतानाच यंत्रापुढून सरकवून प्रक्षेपित करायची. या साऱ्याला मिनिटभराच्या आसपास वेळ लागे. नट वाक्य बोलून मोकळा होई आणि त्याचे चित्र मिनिटभराने बाहेर पडे.

मार्कोनी-ईएमआयच्या एमिट्रॉन कॅमेऱ्याचे चित्र मात्र तत्क्षणी दिसे. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्डची पद्धत बाजूला ठेवली गेली. त्यामागे कारणे अनेक होती. परंतु जे आत्ता घडते आहे ते आत्ताच दिसले नाही, तर एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचा निर्णय घेणार कशाच्या आधारावर, हे त्यांतले फार मोठे कारण होते.

७/ हे जुने भांडण आजच्या स्वस्त पडद्यावर पुन्हा जिवंत होते. घरगुती टीव्ही आलेले चित्र लगेच दाखवत नाही. तो ते आधी ‘सुधारतो’ : कडा रेखीव करतो, हालचाल गुळगुळीत करतो, रंग भडक करतो. या सजावटीत चित्रामागून चित्रे खोळंबतात. २५ चित्रांच्या हिशेबात एक चित्र म्हणजे ४० मिलिसेकंद. अशी तीन-चार चित्रे अडकली की तबलजीची थाप कानाला आधी आणि डोळ्याला नंतर कळते. कुस्तीत डाव पडून गेल्यावर तुम्ही कॅमेरा बदलता. म्हणून टीव्ही वापरायचाच असेल तर त्यातील ‘गेम मोड’ शोधावा. खेळ खेळणाऱ्या मुलांनी कंपन्यांकडून तो मिळवला, आणि त्याचा लाभ नकळत थेट प्रक्षेपणवाल्यांनाही झाला.

८/ पुढे नियंत्रण कक्षात पडद्यांची एक जोडी रूढ झाली, ती आजतागायत मोडलेली नाही : ‘प्रोग्राम’ आणि ‘प्रिव्ह्यू’. पहिल्यावर जग काय पाहते आहे ते दिसते, दुसऱ्यावर जग यापुढे काय पाहणार आहे ते. कॅमेरे वाढत गेले तसे प्रत्येकाला एकेक पडदा मिळाला आणि निर्मात्यासमोर पडद्यांची भिंत उभी राहिली.

९/ भिंत असली तरी पाहणारा डोळा हवा. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोमध्ये केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली. दिग्दर्शक होता डॉन ह्युइट. निक्सन नुकताच गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेला, चेहरा ओढलेला, फिकट राखाडी सूट मागच्या पार्श्वभूमीत विरघळणारा. ह्युइटने पुढे सांगितल्याप्रमाणे, प्रक्षेपणापूर्वीच मॉनिटरवर हे सारे दिसत होते. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी निक्सनच्या सल्लागाराला विचारलेही की आपला उमेदवार असा दिसतो आहे, हे तुम्हाला मान्य आहे का. सल्लागाराने मान्य असल्याचे सांगितले.

निवडणूक केवळ त्या चर्चेने फिरली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण मॉनिटरने आपले काम चोख केले होते, एवढे खरे.

१०/ त्याच वर्षी चित्रपटसृष्टीत एक गंमत झाली. जेरी लुईस ‘द बेलबॉय’ या चित्रपटाचा दिग्दर्शकही होता आणि नायकही. स्वतःचा अभिनय स्वतःला दिसणार कसा? त्याने चित्रपटाच्या कॅमेऱ्याला दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याची जोड दिली आणि आसपास मॉनिटर मांडले. आज चित्रीकरणाच्या ठिकाणी दिग्दर्शक छत्रीखाली मॉनिटरसमोर बसलेला दिसतो, त्या प्रथेच्या मुळाशी लुईसचे हे प्रयोग आहेत. त्या मॉनिटरवर रंग पाहायचे नव्हते. चौकट आणि हालचाल पाहायची होती, आणि तेवढ्यासाठी साधी काळी-पांढरी काच पुरेशी होती. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

११/ खरी पंचाईत रंगाने केली. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेने एनटीएससी ही रंगीत पद्धत स्वीकारली. १९५४ मध्ये आलेल्या आरसीएच्या रंगीत संचाची किंमत १,००० डॉलर होती. काळ्या-पांढऱ्या पडद्यात चूक म्हणजे फार तर कमी-अधिक उजेड. रंगीत पडद्यात चूक म्हणजे हिरवट चेहरा. एनटीएससीत रंगाची छटा संदेशलहरीच्या एका नाजूक कोनावर ठरे आणि तो कोन वाटेत सहज ढळे. म्हणून प्रत्येक घरच्या संचाला छटा जुळवण्याचे वेगळे बटण द्यावे लागले. अभियंते या आद्याक्षरांचा अर्थ चेष्टेने ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ असा करत, म्हणजे एकच रंग दोनदा दिसणे नाही.

१२/ त्यात एक व्यापारी गुंतागुंत. मानकाने ठरवलेले तांबडे-हिरवे-निळे फॉस्फर रंगाने गडद होते, पण उजेडाला मंद. ग्राहकाला दुकानात चमकदार चित्र आवडे. कंपन्यांनी हळूहळू अधिक तेजस्वी पण रंगाने फिके फॉस्फर वापरायला सुरुवात केली. कागदावरचे मानक एकीकडे राहिले आणि घरोघरचा पडदा दुसरीकडे गेला. अखेरीस नियमांनाच वास्तवाच्या मागून चालत यावे लागले : अमेरिकेने व्यावसायिक मॉनिटरसाठी नव्या फॉस्फरांचे मानक घडवले, युरोपने आपले वेगळे.

दुकानातल्या झगमगाटाने रंगाची फसवणूक करण्याचा प्रघात इतका जुना आहे. आजही नव्या टीव्हीचा डबा उघडल्यावर जो ‘व्हिव्हिड’ मोड लागलेला असतो, तो त्याच घराण्यातला.

१३/ या गोंधळातून माणसाने एक सुंदर साधन निर्माण केले : रंगपट्टे. टीव्हीवर कार्यक्रम नसताना दिसणारे ते उभे रंगीत पट्टे अनेकांनी लहानपणी पाहिले असतील. पांढरट राखाडी, पिवळा, मोरपंखी, हिरवा, किरमिजी, तांबडा, निळा, असा त्यांचा क्रम. तो सौंदर्यासाठी ठरवलेला नाही. डावीकडून उजवीकडे त्यांचा उजेड पायरीपायरीने उतरतो. शिवाय निळा रंग त्यांत एकाआड एक मिसळलेला आहे. म्हणून मॉनिटरची केवळ निळी नळी चालू ठेवली की चार पट्टे निळे दिसतात आणि मधले तीन काळे पडतात. ते चार निळे पट्टे एकसारखे दिसेपर्यंत बटणे फिरवायची, रंग जुळले. मोजमापाचे कोणतेही महागडे यंत्र नको, की पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न नको.

१४/ काळ्या रंगासाठी अशीच युक्ती बीबीसीत निघाली. तिचे नाव ‘प्लूज’. पडद्याच्या काळ्या भागात तीन बारीक पट्ट्या असतात : एक काळ्याहूनही किंचित काळी, एक नेमकी काळी, एक किंचित उजळ. उजेडाचे बटण असे लावायचे की पहिली पट्टी दुसरीत विरून जावी आणि तिसरी मात्र जेमतेम दिसावी. झाले.

हे दोन्ही उपाय आजही फुकट आहेत. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ स्विचरमध्ये रंगपट्टे असतात, संगणकावरूनही लावता येतात. एक सावधगिरी हवी. संगणकाच्या मॉनिटरला ० ते २५५ अशा पूर्ण पल्ल्याची सवय असते, तर व्हिडिओचे काळे १६ वर आणि पांढरे २३५ वर मानलेले असते. मॉनिटरचा समज चुकला की काळे कोट धुरकट राखाडी दिसतात; उलट चूक झाली की केसांतला सारा तपशील डांबरासारखा एक होतो. प्लूजच्या तीन पट्ट्या हा घोटाळा क्षणात उघडा पाडतात. मॉनिटर विकत घेण्यापूर्वी त्यात हा पल्ला बदलण्याची सोय आहे ना, एवढे अवश्य पाहावे.

१५/ युरोपने एनटीएससीच्या चुकांवरून धडा घेतला. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीचे वाल्टर ब्रुख यांनी ‘पाल’ पद्धत घडवली. तिच्यात दर रेषेआड रंगाचा कोन उलटा होतो, त्यामुळे एका रेषेतील चूक पुढच्या रेषेत फिटते. १९६७ मध्ये ब्रिटन व पश्चिम जर्मनी या पद्धतीने रंगीत झाले. बर्लिनमध्ये २५ ऑगस्ट रोजी विली ब्रांट यांच्या हस्ते मोठे तांबडे बटण दाबून रंगाचे उद्घाटन व्हायचे होते. बटण पुरते दाबले जाण्याआधीच चित्र रंगीत झाले! बटण खोटे होते. आतल्या तंत्रज्ञाने किंचित घाई केली. थेट प्रक्षेपणाच्या इतिहासातले माझे हे सर्वांत आवडते क्षणचित्र.

१६/ आता इतिहासातली स्वस्ताई. १९६० आणि ७० च्या दशकांत रंगीत मॉनिटर अतोनात महाग होते आणि लहरीही. ते तापायला वेळ घेत, तापल्यावर रंग सरकत, तिन्ही रंगांची चित्रे एकमेकांवर नेमकी बसवण्यासाठी अभियंत्याला पुन्हा पुन्हा मागचे झाकण उघडावे लागे. अशा स्थितीत दहा-बारा रंगीत पडद्यांची भिंत कोणत्या संस्थेला परवडणार? बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेही ती उभारली नाही. रंगीत स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात कॅमेऱ्यांचे पडदे काळे-पांढरेच असत. रंगीत असत ते एक-दोन, प्रक्षेपणाचे आणि फार तर प्रिव्ह्यूचे.

१७/ याला काटकसर म्हणून हिणवण्याचे कारण नाही. त्यामागे विचार होता. तिसरा कॅमेरा गायिकेवर स्थिर झाला आहे का, चौकटीत माइकचा दांडा तर येत नाही ना, हे समजायला रंग लागत नाही. शिवाय बहुसंख्य घरांत संच काळे-पांढरेच होते. रंगीत पडद्यावर उठून दिसणारी तांबडी साडी आणि हिरवा पडदा घरच्या संचात एकाच राखाडी छटेत विरघळू शके. काळ्या-पांढऱ्या भिंतीकडे पाहणाऱ्या निर्मात्याला ते आधीच दिसे.

१८/ आपल्याकडेही हाच प्रसंग आला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मराठी घरांत टीव्ही शिरला. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रमाबरोबर रंग आला आणि १९ नोव्हेंबरपासून दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांनी त्याला गर्दी मिळवून दिली. आपण पाल पद्धत घेतली, सेकंदाला २५ चित्रे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. पण एका रात्रीत घरे रंगीत होत नसतात. पुढची कित्येक वर्षे एकाच इमारतीत एका घरी रंगीत रामायण दिसे आणि शेजारी काळे-पांढरे.

१९/ त्या ५० हर्ट्झचा वारसा आजही आपल्या खिशाला हात घालतो. आपल्याकडचे दिवे ५० च्या तालावर चालतात, म्हणून कॅमेरे २५ किंवा ५० चित्रांवर लावले तर चित्र लुकलुकत नाही. संगणकाचे मॉनिटर मात्र मुळात ६० साठी घडवलेले. काही स्वस्त मॉनिटर ५० हर्ट्झ घेतच नाहीत, काळा पडदा दाखवून मोकळे होतात. काही घेतात आणि आतल्या आत ६० करतात, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरवताना चित्र अडखळते. ऑपरेटर आपल्या हाताला दोष देत बसतो. दुकानात मॉनिटरचे माहितीपत्रक वाचताना आकारापेक्षा आधी ही एक ओळ शोधावी.

२०/ पिक्चर ट्यूबच्या युगाचा कळस सोनीच्या ट्रिनिट्रॉनने गाठला. १९६८ मध्ये तो आला. इतरांच्या नळीत भोके पाडलेली जाळी असे; सोनीने ताणलेल्या उभ्या तारांची झडप बसवली. अधिक उजेड काचेपर्यंत पोहोचू लागला. त्या तारा थरथरू नयेत म्हणून त्यांवर आडवी बारीक तार बांधलेली असे आणि तिची पुसटशी सावली पांढऱ्या पडद्यावर दिसे. जाणकार तिच्यावरून खरा ट्रिनिट्रॉन ओळखत. १९७३ मध्ये या नळीला एमी पुरस्कार मिळाला. सोनीच्या व्यावसायिक मॉनिटरच्या दोन मालिका, पीव्हीएम आणि त्याहून वरची बीव्हीएम, जगभरच्या नियंत्रण कक्षांत पोहोचल्या.

२१/ मग २००० नंतरच्या दशकात नळ्या बंद पडल्या. एलसीडी आला : हलका, सपाट, थंड. पण सुरुवातीचा एलसीडी काळे दाखवू शकत नव्हता, कारण मागचा दिवा सतत जळत असे. बाजूने पाहिले की रंग पालटत. जुने अभियंते आपले जड नळीवाले मॉनिटर सोडायला तयार नव्हते, आणि त्यात केवळ हट्ट नव्हता.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सपाट पडद्यांसाठी बीटी १८८६ ही शिफारस काढली. संदेशाच्या कोणत्या पातळीला पडद्याने किती उजेड द्यावा, हे तिने ठरवले. आणि ते ठरवताना आदर्श मानली ती पिक्चर ट्यूबचीच वागणूक. नळी गेली, तिचा स्वभाव नियम म्हणून मागे राहिला.

२२/ युरोपीय प्रसारण संघाच्या ३३२० क्रमांकाच्या दस्तऐवजात मॉनिटरची तीन श्रेणींत विभागणी आहे. पहिली श्रेणी चित्राचा अंतिम न्याय करण्यासाठी. तिथे चुकीला जवळजवळ जागा नाही. दुसरी प्रिव्ह्यू, भिंतीवरचे पडदे यांसाठी, थोडी सैल. तिसरी ध्वनिमुद्रक, समालोचक अशांसाठी. ज्यांना काय चालले आहे एवढेच कळायला हवे. ही तिसरी श्रेणी चांगल्या घरगुती पडद्याच्या जवळपास जाते.

म्हणजे प्रसारणाचे नियम लिहिणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे की सारे पडदे महाग असण्याची गरज नाही. काळ्या-पांढऱ्या भिंतीने जे व्यवहारात केले, ते इथे नियमाच्या भाषेत आले.

२३/ आता मांडवात येऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने २९५ डॉलरला चार कॅमेऱ्यांचा एटीईएम मिनी हा स्विचर आणला. काही महिन्यांत कोविडची टाळेबंदी आली आणि शाळा, देवळे, नाट्यगृहे, सारेच थेट प्रक्षेपणाकडे वळले. २०२० च्या एटीईएम मिनी प्रो या भावंडात ‘मल्टिव्ह्यू’ आला : चारही कॅमेरे, प्रिव्ह्यू आणि प्रोग्राम एकाच पडद्यावर चौकोनांत. पूर्वी जिला अख्खी भिंत लागे, ती आता एका २४ इंची मॉनिटरवर मावते.

या भिंतीच्या पडद्यावर पैसे वाचवावेत. एखादा साधा आयपीएस संगणक-मॉनिटर घ्यावा; आयपीएस अशासाठी की शेजारी बसलेल्या सहकाऱ्यालाही तेच रंग दिसावेत. टीव्ही वापरत असाल तर तो चित्राच्या कडा कापत नाही ना, हे तपासा. पिक्चर ट्यूबच्या कडा वाकड्यातिकड्या असत, म्हणून संच मुद्दाम चित्र किंचित मोठे करून कडा लपवत. नळी गेली तरी अनेक टीव्हींची ती खोड गेलेली नाही, आणि कापलेल्या कडेतच नेमके पाहुण्याच्या नावाचे अक्षर असते.

२४/ उरलेले पैसे एका पडद्यावर घालावेत : जो प्रोग्रामचे चित्र दाखवेल आणि ज्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवाल. तो मोठा नसला तरी चालेल. रंगमापक यंत्राने त्याची जुळणी करून घेता आली तर उत्तम; असे यंत्र मित्रमंडळींत मिळून एक पुरते. तो उन्हात ठेवू नका आणि हॅलोजनच्या झोताखालीही नको. संध्याकाळच्या मांडवात अंधार वाढत जातो तसा पडदा डोळ्यांना अधिकाधिक उजळ वाटू लागतो. ऑपरेटर कॅमेऱ्याचा उजेड कमी करत जातो आणि घरी बसलेल्या आजीला कीर्तनकार काळोखात उभा दिसतो. हे अनेक ठिकाणी घडते.

२५/ यावरचा उपायही जुनाच. रंगीत युगाच्याही आधीपासून अभियंते डोळ्यापेक्षा वेव्हफॉर्मवर अधिक भिस्त ठेवत. चित्रातील उजेडाचा तो आलेख असतो. खाली काळे, वर पांढरे. अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीने या यंत्रांत नाव मिळवले, आणि त्या काळी ते यंत्र स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागे. आज कॅमेऱ्यावर बसणाऱ्या लहान मॉनिटरांपैकी बऱ्याच स्वस्त मॉनिटरांतही तो आलेख असतो. अंधार असो की ऊन, आलेख बदलत नाही. सावळ्या कांतीच्या वक्त्यावर पांढरा झोत असेल तर डोळा हमखास गोंधळतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक व्यासपीठांवर नेमके हेच दृश्य असते. बीबीसीच्या १९६७ च्या प्रसिद्ध ‘टेस्ट कार्ड एफ’वर त्वचेचा रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या ब्रिटिश मुलीचा चेहरा होता, आपल्या माणसांच्या चेहऱ्यांसाठी आपली जुळवणी आपणच करून घेणे भाग आहे. कार्यक्रमाआधी मंडळातल्या दोन-तीन निरनिराळ्या वर्णांच्या माणसांना झोताखाली उभे करा आणि आलेख पाहा.

२६/ जाता जाता जोडणीविषयी. एचडीएमआय ही घरगुती दिवाणखान्यासाठी जन्मलेली जोडणी. तिच्या तोंडाला कुलूप नसते, केबलला कोणाचा पाय लागला की चित्र गेले. एसडीआयची बीएनसी खुंटी फिरवून अडकते आणि तिची तार कितीतरी लांब जाते. एसडीआय असलेले मॉनिटर महाग पडतात. कॅमेरे व्यासपीठाच्या जवळ असतील तर एचडीएमआय चालेल, केबल चिकटपट्टीने टेबलाला बांधून टाका. मैदान मोठे असेल तर कॅमेऱ्याकडून स्विचरपर्यंत एसडीआय न्यावी आणि स्विचरपाशी रूपांतर करावे. जुन्या एसडीआय मॉनिटरांचा वापरलेला बाजारही धुंडाळण्यासारखा आहे. जुने ट्रिनिट्रॉन मात्र तिथे स्वस्त मिळतील या आशेवर राहू नका. जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांनी त्यांचे भाव केव्हाच वर नेले आहेत.

२७/ आणि पुन्हा हनीसकल क्रीक. चंद्रावरून आलेले मूळ, न बदललेले संदेश ज्या फितींवर नोंदले होते, त्या फिती बहुधा पुसून दुसऱ्या कामासाठी वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. पण केंद्रावरचा दूरचित्रवाणी तंत्रज्ञ एड व्हॉन रेनूआर्ड याने त्या दिवशी घरगुती सुपर-८ कॅमेरा बरोबर आणला होता आणि आपल्यासमोरच्या मॉनिटरच्या काचेवरचे चित्र त्याने त्यावर टिपून ठेवले. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांची जी मूळ चलच्चित्रे तेव्हा जगाला दिसली नाहीत, त्यांतली काही आज आपण पाहू शकतो ती त्या फिल्ममुळे.